हात लावण्याआधीच गिअर पडला होता

कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमला जोडायचा गिअरचा दांडा, म्हणजे शिफ्टर, घ्यायला गेलो आणि फसलो. गेले १,०८,७०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्याचा पहिला प्रश्न हाच होता. ५,००० टोकन, ४२,५०० विक्रेत्याच्या गाळ्यावर, ६०,००० चार दिवसांनी घरून आणि १,२०० टेम्पोचे. यातले ३०,००० बायकोच्या भिशीचे होते. ती मला एका शब्दाने बोललेली नाही, आणि तेच जास्त लागतंय.

प्रकार कसला ते तुम्ही ओळखलंच असेल. जुनी पण भारी वस्तू, बाजारापेक्षा कमी भाव, आधी टोकन, मग 'दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे', मग उरलेला माल 'कस्टममध्ये अडकलाय'. मीही हे शंभरदा वाचलं होतं. म्हणूनच टोकन सोडलं तर फोटो बघून पैसे पाठवले नाहीत. बोरिवलीहून लोकलने अंधेरी, तिथून मेट्रोने साकीनाका, असा उन्हातान्हात गेलो. वस्तू हातात घेतली, रिगवर, म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि स्क्रीनच्या मांडणीवर, बसून चालवून पाहिली. बावीस वर्षं छापखान्यात मशीन मेंटेनन्स करतोय, अडाणी माणूस नाही. तरी फसलो. कसा फसलो ते नीट सांगतो, कारण ही फसवणूक गिअरची माहिती नसलेल्यांसाठी रचलेलीच नव्हती. ती माहिती असलेल्यांसाठी होती.

मुलगा अकरावीत आहे. गाड्यांचं वेड लहानपणापासून. भाड्याच्या गो-कार्टवर दोन-तीनदा नेलं, पण त्या कार्टला गिअरच नसतो. ॲक्सिलरेटर दाबला की सेंट्रिफ्युगल क्लच पकडतो आणि गाडी निघते. खऱ्या रेसिंगचा खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी गेमसाठी टेबलाला लावायचं एक स्टिअरिंग घेतलं. मागे दोन पाती असतात, त्यालाच पॅडल म्हणतात. उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा. फॉर्म्युला १ मध्ये ही पद्धत १९८९ मध्ये फेरारीने आणली. ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल तीच गाडी घेऊन जिंकला, आणि मग हळूहळू तिथून गिअरचा दांडाच गेला. आता आठ गिअर, बोटाने फक्त हुकूम द्यायचा, बाकी काम हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते.

पण मुलाला ओढ रॅलीची. जागतिक रॅलीच्या वरच्या वर्गातल्या गाड्यांना २०२२ पासून पाच गिअर आणि दांडाच आहे, पाती नाहीत. एकाच रेषेत पुढे-मागे हलणारा दांडा. ओढला की वरचा, ढकलला की खालचा. मोटारसायकलसारखंच, एकामागून एक, यालाच सीक्वेन्शियल म्हणतात. तिसऱ्यावरून थेट पहिल्यावर उडी मारता येत नाही. आपल्या गाडीत गिअर पडताना पितळी कडी आधी दोन्हीकडचा वेग जुळवून घेते. रेसिंगच्या डॉग बॉक्स प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये ती कडीच नसते. मोठे चौकोनी दाते थेट एकमेकांत जातात. तिथे गिअर हळुवार टाकला की दाते खरडतात, झटक्यात टाकावा लागतो. मुलाला हाताला तो झटका हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'खऱ्या रॅली कारमधून काढलेला सीक्वेन्शियल शिफ्टर, यूएसबी बसवलेला, किंमत ४७,५००.' फोटोत काळा दांडा, वरची मूठ घासून पांढरी पडलेली. फोनवर माणूस मराठीच बोलत होता. तिशीचा असेल. "दादा, तुम्ही जाणकार वाटता. असल्या गोष्टी ऐऱ्यागैऱ्याला द्यायला जीव होत नाही." जाणकार म्हणणाऱ्या विक्रेत्याचा फोन तिथल्या तिथे ठेवा. ५,००० मी त्याच रात्री पाठवले.

गाळ्यात रिग मांडलेली होती. बकेट सीट, मोठा स्क्रीन, कडेला तो दांडा. त्याने माझ्यासमोर वायर लावली, कॉम्प्युटरने टुंग केलं. आधी त्याने दोन फेऱ्या मारल्या, मग मी बसलो. "लाल दिवे लागले की ओढा दादा, ब्रेक दाबताना ढकला." मी ओढत होतो, स्क्रीनवरचा आकडा दोनाचा तीन, तीनाचा चार होत होता. दांडा जड होता, हाताला बरं वाटत होतं.

आणि मग ती वेळ आली, जी आठवली की मला रात्री झोप येत नाही. एका लांब उजव्या वळणावरून बाहेर पडताना गाडीचा मागचा भाग सुटला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग सावरत होतो. दोन्ही हातांनी. दांड्याला माझा स्पर्शही नव्हता. आणि आकडा तीनाचा चार झाला.

मी पाहिलं. लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. विचारलंही, "हे आपोआप कसं पडलं?" तो जराही गडबडला नाही. "मांडी घासली असेल दादा. आत स्ट्रेन गेज आहे, खऱ्या गाडीतलाच. नुसता दाब आला तरी सिग्नल जातो."

आता यात खरं काय ते सांगतो, कारण मी इथेच गेलो. खऱ्या गाड्यांत दांड्यावरचा दाब मोजणारा सेन्सर असतो, हे खरंच आहे. ड्रायव्हरने दांडा ओढायला घेतला की तो दाब ओळखून इंजिनची ताकद क्षणभर तोडतो. त्या क्षणात दात्यांवरचा ताण सुटतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय न काढता, क्लच न दाबता वरचा गिअर बसतो. हे मला माहीत होतं. मीच मुलाला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. त्याच्या तोंडून स्ट्रेन गेज ऐकलं आणि मला वाटलं, या माणसाला यातलं कळतं.

पण तो सेन्सर फक्त ताकद तोडतो. गिअर बदलतो आतला ड्रम फिरल्यावर, आणि ड्रम फिरतो दांडा पूर्ण हलल्यावर. दांडा जागचा हललाच नाही तर खऱ्या गाडीत गिअर पडणं शक्य नाही. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे गाडी चालवायच्या गेममध्ये, तर प्रकरण आणखी साधं आहे. सीक्वेन्शियल शिफ्टर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने फक्त दोन बटणं, एक वर, एक खाली. एच पॅटर्नचा, म्हणजे नेहमीच्या गाडीतल्या दांड्यासारखा, असेल तर प्रत्येक गिअरला एक बटण, आणि दांडा त्या खाचेत असेपर्यंत ते दाबलेलं राहतं. यापलीकडे त्यात काही नसतं. बटण दाबलं गेलं नाही आणि गिअर पडला, तर गिअर दुसरंच कोणीतरी टाकतंय. इथे सिम्युलेटरच टाकत होता. नवख्यांसाठी सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक गिअर असतो, तो त्याने चालू ठेवला होता. इंजिनचे आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, वर गेले की सिम्युलेटर गिअर बदलत होता, आणि लाल दिवे लागले की मी नेमका त्याच वेळी दांडा ओढत होतो. ब्रेक दाबला की तो खाली आणत होता, मी ढकलत होतो. दोन्ही वेळा जुळत होत्या एवढंच. 'लाल दिवे लागले की ओढा' हे त्याचं वाक्य सगळ्यात पक्कं रचलेलं होतं. मी एकदा, फक्त एकदा, कमी आरपीएमवर मुद्दाम ओढून पाहिला असता तर काहीच झालं नसतं आणि मी उठून घरी आलो असतो.

असला शिफ्टर बघायला जाल तेव्हा गेम बंद करायला लावा. विंडोजमध्ये जॉय.सीपीएल (joy.cpl) टाइप केलं की कंट्रोलरची खिडकी उघडते. दांडा ओढल्यावर त्यात एक गोल पेटतो, ढकलल्यावर दुसरा. विक्रेता का-कू करायला लागला तर तिथे एक मिनिट थांबू नका.

४२,५०० मी तिथेच दिले. यूपीआयवर नाव त्याचं नव्हतं. "भाच्याचा नंबर आहे, माझं लिमिट संपलंय." बिल दिलं, शिक्का मारलेलं. त्यावर जीएसटी नंबर होता, तो मी घडी घालून खिशात टाकला. महाराष्ट्रातला जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो. याचा २९ ने होता, म्हणजे कर्नाटकचा. दोन आकडे वाचायला काय लागतं? जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला असता तर तिथेच उलगडा झाला असता.

आणि ६०,०००? याचं उत्तर मला बायकोला देता आलेलं नाही. निघताना तो म्हणाला की दांडा ज्या टीमच्या गाडीतला, त्याच टीमचा डायरेक्ट ड्राइव्ह मोटर बेस (स्टिअरिंग थेट मोटरवर बसतं तो) आणि लोड सेलचे, म्हणजे दाब मोजणारे, पायातले पेडल येणार आहेत, दोन्ही मिळून ६०,०००. त्यातला नुसता मोटर बेस नवीन घ्यायचा तर बजेट बाहेर जातं. दांडा टेम्पोने घरी आला, पण मुलाची परीक्षा होती म्हणून खोकं तसंच ठेवलं. लोक विचारतात, उघडलं का नाही? परीक्षेच्या आदल्या दिवशी ते पोराच्या हातात कोण देईल? चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, 'माल निघालाय, दुसरा माणूस रोख घेऊन बसलाय.' मी जेवत होतो. उष्ट्या हाताने पिन टाकला.

परीक्षा संपल्यावर खोकं उघडलं. लावला, टुंग झालं, आणि सिम्युलेटरमध्ये काहीच हललं नाही. मी तासभर सेटिंग शोधत बसलो. बाबा बाजूला बसले होते. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली, जुन्या गाड्या, प्रत्येक गिअरला डबल क्लच मारायचा, चुकलं की अख्ख्या गाडीला ऐकू जायचं. त्यांनी मूठ हातात घेतली, डोळे मिटून दोनदा पुढे-मागे केली आणि म्हणाले, "अरे, ह्यात काही लागतच नाहीये. नुसती स्प्रिंग आहे."

चार स्क्रू काढले. आत एक जाड स्प्रिंग, एक छर्रा, आणि कोपऱ्यात ग्लूगनने चिकटवलेला जुन्या कीबोर्डचा सर्किट बोर्ड. त्याच्यापासून दांड्यापर्यंत एकही तार नाही. टुंग आवाज त्या बोर्डाचा होता. वर आणि खाली, दोन मायक्रोस्विच लावले असते तरी ते चाललं असतं, लॅमिंग्टन रोडवर किरकोळीत मिळतात. तेवढेही लावले नव्हते.

त्याचा फोन चालू होता. 'कस्टम, दादा, दोन दिवस.' मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण ६०,००० परत मिळतील या आशेने आणखी चार दिवस गोड बोलत राहिलो. हे अजिबात करू नका. संशय आला त्या मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पहिल्या खात्यातून पुढे सरकले की ते गोठवणं अवघड होतं. मी केला तोवर ते तिथून पुढे गेले होते.

मग आमच्या भागातलं पोलीस ठाणं. पावणेतीन तास बाकावर बसलो. साहेब म्हणाले, "गेमचं सामान ना? एवढ्या पैशाचं?" त्या खोलीत मागे रांगेत बसलेल्या लोकांसमोर. मग म्हणाले गाळा आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात गेलो, तर म्हणे ६०,००० कुठून पाठवले? घरून? मग तिकडेच जा. परत आलो. आता म्हणे वस्तू तुम्हाला मिळालीय, ती चालत नाही हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं, साहेब, वस्तू बिघडलेली नाही, ती वस्तू नाहीच, आत तार नाही. मी दांडा उघडून टेबलावर ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवून चहाचा ग्लास ठेवला.

ग्राहक मंचात जायचं तर नोटीस कोणाच्या पत्त्यावर पाठवू? बिलावरचा पत्ता खोटा. गाळ्याच्या मालकाने सांगितलं, तीन दिवसांसाठी शूटिंगला म्हणून दिला होता, पैसे रोख. बँकेत गेलो, तर मॅनेजरने मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. हो, मीच टाकलाय. पण ज्या 'भाच्या'च्या खात्यात गेले ते खातं कोणीतरी कागदपत्रं बघूनच उघडलं असेल ना? त्याचं उत्तर द्यायला कोणाला वेळ नाही. पाच खेटे झाले, तीन रजा गेल्या, हातात आहे एक शिक्का मारलेला अर्ज. गुन्हा नोंदवलेला नाही.

ज्यांना हद्दीचं कारण सांगतील त्यांनी तोंडावर सांगा की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते आणि ती त्यांना नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीला न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. मला हे तिसऱ्या खेपेला कळलं, एका ओळखीच्या वकिलाकडून. पहिल्या दिवशी माहीत असतं तर मी त्या बाकावरून उठलो नसतो.

परवा मुलाने मोबाइल आणून दाखवला. तीच जाहिरात, नवीन नंबर, किंमत ५२,०००, जागा ठाणे. मूठ तीच, डाव्या कडेला पांढरी घासलेली. खाली व्हिडिओ आहे, त्याच्याच फेरीचा. सव्विसाव्या सेकंदाला थांबवून बघा. दांडा मधे उभा आहे, हात अजून वाटेत आहे आणि स्क्रीनवर चार पडलेला आहे.

त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेऊन मी शनिवारी पुन्हा ठाण्यात जाणार आहे. बाबाही येतो म्हणालेत. ज्या कोणाला असा दांडा विकला गेला असेल त्यांनी तो फेकू नका, उघडून आतला फोटो काढा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि मला कळवा. लाज वाटत असेल तर नाव लिहू नका, नुसती रक्कम आणि तारीख कळवा. एकट्याचा अर्ज त्यांनी बाजूला सरकवला. शनिवारी आम्ही दोघंच असू की आणखी कोणी, एवढंच मला आधी कळायला हवंय.