झिपरीशी आवाजातून बोलताना: सात महिन्यांचा अनुभव

क्लिकर (दाबला की 'टक्' वाजणारी छोटी डबी), शिट्टी, आपला आवाज रेकॉर्ड करता येणारी चार बटणं आणि चूं-चूं वाजणारा रबरी चेंडू. आमच्या झिपरी या कुत्रीसोबत सात महिने हे सगळं वापरतेय.

क्लिकरच्या बाबतीत मी पहिल्याच दिवशी चुकले. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर 'टक्' केलं. कान मागे, शेपूट पायात, आणि बाईसाहेब थेट पलंगाखाली. तासभर बाहेर आल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. मग क्लिकर जुन्या मोज्यात गुंडाळला, हात पाठीमागे धरला आणि 'टक्' झालं की लगेच खाऊचा बारीक तुकडा द्यायला लागले. पाचव्या दिवशी आवाज येताच ती माझ्या हाताकडे बघायला लागली. आता मोज्याची गरज पडत नाही.

शिट्टीची गंमत वेगळी. कुत्र्यांना साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपली धाव फार तर २०,००० पर्यंत. त्यामुळे 'मूक' शिट्टी, म्हणजे माणसाला जवळजवळ ऐकूच न येणारी, किती जोरात वाजतेय ते फुंकणाऱ्याला कळतच नाही. मी ती बाजूला ठेवली आणि मला ऐकू येणारी साधी शिट्टी घेतली. लांबूनच, हलकेच फुंकायची. भुंकणं थांबवायला कर्कश आवाज सोडणारी यंत्रं मात्र मी घरात आणणार नाही. घाबरवून गप्प केलेलं कुत्रं पाहवत नाही.

सगळ्यात जास्त जीव जडला तो बटणांवर. 'बाहेर' हे बटण दाराशी ठेवलं. दार उघडायच्या आधी दर वेळी मीच ते दाबायचे. अडीच महिने काहीच नाही. मग एका संध्याकाळी तिनं पुढचा पाय त्यावर ठेवला, माझाच आवाज निघाला, 'बाहेर', आणि ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मी चप्पल न घालताच दार उघडलं! तिला भाषा आली असं मी म्हणत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'बाहेर', 'खेळ' अशा शब्दांना बटणं शिकलेली कुत्री प्रसंगाला साजेसं वागताना दिसली, तेवढं मला पुरे आहे. पुढे पावसाच्या दिवसांत मी दोन-तीनदा तिच्या 'बाहेर'कडे दुर्लक्ष केलं, तर तिनं चार दिवस बटणाला पायच लावला नाही. तेव्हापासून पाच मिनिटं का होईना, जातो. अगदीच जमणार नसेल तर बटण उचलून ठेवते.

चेंडू फक्त माझ्यासमोर. एकदा तिनं तो फाडून आतली पिपाणी तोंडात धरली होती, नशिबानं गिळली नाही. बटणांच्या बॅटरीचं झाकणही स्क्रूचंच हवं, ते दर रविवारी तपासते.

खेळताना ती जिभेनं ओठ चाटायला लागली, सारख्या जांभया द्यायला लागली किंवा तोंड फिरवून निघाली, की मी थांबते. एका वेळी तीन-चार मिनिटं, बस्स. काल ती स्वतःच क्लिकरचा खण नाकानं ढकलत होती.