लांब समीकरणं आणि एएमएसमॅथ: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुंबईतल्या बारावी आणि बीएस्सीच्या क्लासच्या गणिताच्या नोट्स लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकूर आणि गणित जुळवायची प्रणाली) जुळवायच्या, त्याही दोन आकारांत: छपाईसाठी ए४ आणि मुलांना लोकलमध्ये मोबाइलवर वाचता याव्यात म्हणून अरुंद पानाची पीडीएफ. ए४वर एका ओळीत मावणारं समीकरण अरुंद पानावर तीन ओळी खातं. या कामाला एएमएसमॅथ पॅकेज (लाटेकला गणित मांडायच्या जादा सोयी देणारी जोडणी) पुरेपूर उतरलं. मात्र ओळ कुठे तोडायची हे ते ठरवत नाही, आपणच ठरवायचं. आमच्या मते हे योग्यच आहे, कारण गणिताचा अर्थ कुठे तुटतो हे लिहिणाऱ्यालाच कळतं.

जुन्या फायलींत ‘इक्यूएनॅरे’ ही अनेक ओळींच्या समीकरणांची जुनी रचना दिसली तर आधी ती काढा. तिच्यात बरोबरच्या चिन्हाभोवती जादा जागा सुटते आणि लांब ओळ थेट समीकरण क्रमांकावर छापली जाते.

बरोबरच्या चिन्हांची साखळी असेल तर ‘अलाइन’ ही रचना, आणि जुळवणीची खूण & नेहमी बरोबरच्या चिन्हाच्या आधी. नंतर टाकलात तर चिन्हाच्या उजवीकडची जागा नाहीशी होते; तसंच हवं असेल तर चिन्ह आणि & यांच्यामध्ये रिकामा {} द्यावा लागतो. एकच लांबलचक बेरीज असेल, मध्ये कुठे बरोबर नसेल, तर ‘मल्टलाइन’: पहिली ओळ डावीकडे, शेवटची उजवीकडे, मधल्या मध्यभागी. अनेक ओळींना मिळून एकच क्रमांक हवा असेल तर ‘इक्वेशन’च्या आत ‘स्प्लिट’. तोडताना अधिक-उणे चिन्ह पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न्या आणि ‘क्वाड’ (ठरलेली मोकळी जागा) देऊन ती ओळ बरोबरच्या चिन्हापेक्षा आत सरकवा. डावी बाजूच फार लांब असेल तर मॅथटूल्स पॅकेजमधलं ‘मूव्हइक्यूलेफ्ट’ कामाला येतं.

सर्वांत जास्त वेळ खातात ते कंस. आतल्या मजकुराप्रमाणे कंस लहानमोठा करणारी ‘लेफ्ट’-‘राइट’ची जोडी & किंवा \\ (नवी ओळ सुरू करायची खूण) ओलांडू शकत नाही, लगेच एरर येते. ओळीच्या शेवटी ‘राइट’पुढे टिंब देऊन जोडी खोटी पुरी करता येते, पण मग दोन्ही ओळींतले कंस आपापल्या मजकुराप्रमाणे लहानमोठे होतात. ‘व्हीफँटम’ने (न छापता फक्त उंची घेणारी आज्ञा) उंची सारखी करता येते, त्यापेक्षा ‘बिगएल’-‘बिगआर’ घराण्यातले ठरलेल्या मापाचे कंस सरळ वापरावेत.

आपल्याकडच्या पद्धतीला लागणारी एक गोष्ट: प्रत्येक पायरीआधी येणारं ∴. ‘अलाइन’मध्ये ते डाव्या बाजूला चिकटवलं तर डावी बाजू उजवीकडे सरळ होत असल्याने ∴ प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी जातं आणि पान विस्कटलेलं दिसतं. त्यासाठी दोन स्तंभजोड्यांचं ‘अलाइनॅट’ घ्या: आधी ∴ आणि क्वाड, मग &&, मग डावी बाजू, मग & आणि बरोबर. ∴ नसलेली पहिली ओळ && नेच सुरू करा. सगळे ∴ एका उभ्या रेषेत येतात.

शेवटच्या ओळीनंतर \\ राहिलं तर रिकाम्या ओळीलाही क्रमांक पडतो. क्रमांक अचानक एकाने पुढे गेले की आधी हेच तपासा. ‘अलाइन’च्या आत मोकळी ओळ सोडली तर एरर. लांब सिद्धता पानाच्या तळाशी अडकली तर ‘अलाउडिस्प्लेब्रेक्स’ लावा. जिथे पान तुटू नये तिथे \\*. ‘स्प्लिट’ला मात्र हे लागू होत नाही, ते अखंडच राहतं.

झीलाटेक (युनिकोड देवनागरी चालणारं लाटेक) वापरत असाल तर समीकरणातला ‘म्हणून’, ‘जेथे’ असा मजकूर ‘टेक्स्ट’मध्येच घाला. नुसता लिहिला तर गणिताच्या फाँटमध्ये देवनागरी नसल्याने तो शब्द छापलाच जात नाही, आणि एररही येत नाही. लॉग फाइलमध्ये फक्त ‘मिसिंग कॅरेक्टर’ची नोंद असते. छपाईला देण्याआधी ती शोधून बघा.