घरचा जलतरण तलाव: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरामागे सात मीटर लांबीचा आणि सर्वांत खोल जागी दीड मीटर खोलीचा तलाव बांधून नऊ महिने झाले. आठवड्यातून पाच दिवस मी आणि माझी पत्नी त्यात अर्धा तास व्यायाम करतो. घरात चार वर्षांचा नातू असल्यामुळे या अनुभवात व्यायामाइतकीच जागा काळजीला द्यावी लागेल.

एवढ्या लांबीत चार-पाच हात मारले की भिंत येते आणि वळण्यातच पोहण्याची लय मोडते. म्हणून मी कमरेला पट्टा आणि त्याला लवचीक दोरी बांधून एका जागी पोहू लागलो. सुरुवातीला दोरी काठाच्या पातळीवर बांधली होती. ती पायांत अडकत असे आणि पाय खाली ओढले गेल्याने कंबर दुखत असे. काठावर खांब रोवून दोरी वरून घेतल्यापासून पाय मोकळे राहतात आणि मी वीस मिनिटे सलग पोहू शकतो. पत्नीचा गुडघा दुखरा आहे, त्यामुळे ती पोहण्याऐवजी छातीभर पाण्यात चालते. तेवढ्या पाण्यात शरीराचा साधारण एकतृतीयांश भारच पायांवर येतो, पण चालण्याचा वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध जवळपास चौपट होतो. त्यामुळे सांध्यांना न दुखवता दम लागेल इतका व्यायाम तिला मिळतो. पाण्यात घाम जाणवत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याची बाटली काठावर असावी.

आता कुंपणाविषयी. आम्ही चारही बाजूंनी, म्हणजे घराच्या बाजूनेही, सव्वा मीटर उंचीचे कुंपण घातले आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे, आपोआप मिटणारे फाटक बसवले. सहाव्या महिन्यात बिजागरी सैल होऊन फाटक बोटभर खाली उतरले आणि खिटी खाचेत न बसता कडेला नुसती टेकून राहू लागली. लांबून फाटक बंदच दिसे. एके दिवशी पाण्यावर तरंगत राहिलेल्या चेंडूसाठी नातवाने ते ओढले आणि उघडले. पत्नी दोन पावलांवर होती म्हणून तिने त्याला धरले. त्या दिवसाची आठवण अजूनही आम्हाला अस्वस्थ करते. बसवणाऱ्याने पाहणीनंतर ‘फाटक ठीक आहे’ असे सांगितले, हे मला मुळीच पटले नाही. बिजागऱ्या आम्ही दुसऱ्याकडून बदलून घेतल्या. आता रोज सकाळी फाटक वीतभर उघडून सोडतो आणि खिटी बसल्याचा आवाज ऐकतो, कारण पूर्ण उघडलेले फाटक जोराने मिटते, पण थोडेसे उघडलेले अर्धवट राहू शकते. वापरानंतर एकही खेळणे पाण्यात ठेवत नाही.

बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही; तोंड पाण्याखाली जात असल्याने त्याला आवाज काढताच येत नाही. म्हणून नातू पाण्यात असताना आमच्यापैकी एक जण हाताच्या अंतरावर असतो आणि फोन घरात राहतो. हाच नियम मी स्वतःलाही लावला आहे: कितीही चांगले पोहता येत असले तरी एकट्याने उतरायचे नाही. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेण्याची माझी जुनी सवय मी सोडली. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते.

पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवतो आणि क्लोरीन रोज तपासतो. डोळे चुरचुरणारा उग्र वास हे स्वच्छतेचे लक्षण नव्हे. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो येतो. तरंगते आच्छादन उष्णता राखते, परंतु ते वजन पेलत नाही आणि त्याखाली गेलेले मूल वरून दिसत नाही, म्हणून पाण्यात उतरण्याआधी ते पूर्ण गुंडाळून बाजूला ठेवतो.

गेल्या महिन्यापासून नातवाचे पोहण्याचे धडे सुरू झाले आहेत. तो आता पाठीवर दहा आकडे मोजेपर्यंत तरंगतो. फाटकाची सकाळची तपासणी मात्र आम्ही एकही दिवस चुकवलेली नाही.