पेनड्राईव्ह भरायचा तर दारव्ह्यात: "कोणतं 'तेरे बिना', ताई?"

प्रेमाची गाणी जीव लावून ऐकणाऱ्यांनी पेनड्राईव्ह भरायला यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात जावं. तिथला भाऊ नुसतं नाव ऐकून गाणं टाकत नाही, आधी विचारतो.

मी म्हटलं, "भाऊ, 'तेरे बिना' पाह्यजे." तो म्हणे, "कोणतं ताई? संजीवकुमारवालं, रेखावालं का ऐश्वर्यावालं?"

मला तिन्ही पाहिजे होती. तिन्ही गुलजारांचीच. 'आंधी'तलं (१९७५) लता-किशोरचं, संसार मोडल्यावर भेटलेल्या दोघांचं. 'घर'मधलं (१९७८) 'तेरे बिना जिया जाए ना' एकट्या लताबाईंचं, लाडात आलेलं. दोन्हींची चाल आर. डी. बर्मनची. आणि 'गुरू'तलं (२००७) ए. आर. रहमानचं, त्यात कव्वालीचा रंग. सकाळी काजबटण करताना मी 'घर'चं लावते. 'आंधी'चं लागलं की मशीन थांबवूनच ऐकते.

आमच्या गावात रेंज नीट येत नाही, म्हणून शिलाईच्या खोलीत स्पीकरला पेनड्राईव्हच लागतो. आधी दुसऱ्या एका ठिकाणी भरायची. तिथला पोरगा, एकाच नावाच्या दोन फाईली आल्या आणि कॉम्प्युटरनं 'बदलू का?' विचारलं, की सरळ 'हो' करायचा. त्यात माझं 'हमें तुमसे प्यार कितना' गेलं. 'कुदरत'मध्ये (१९८१) हे गाणं दोनदा आहे, शब्द मजरूह सुलतानपुरींचे, चाल पुन्हा आर. डी.ची. किशोरदांचं सगळ्यांना पाठ आहे. दुसरं परवीन सुलताना यांचं, ठुमरीच्या अंगानं गायलेलं, त्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. किशोरदा जे शांतपणे सांगतात, तेच परवीनबाई तारसप्तकात नेऊन सांगतात. मला विचाराल तर परवीनबाईंचंच जास्त खरं वाटते. या भावानं दोन्ही टाकली, नावापुढं गाणाऱ्याचं नाव आणि सिनेमाचं साल लिहून. आणि स्वतःहून म्हणाला, "हे ३२० मध्ये घ्या ताई, १२८ मध्ये वरचा सूर चिरकते." हे आकडे फाईलीच्या दर्जाचे (केबीपीएस), आकडा मोठा तेवढा आवाज साफ आणि फाईलही मोठी. पाच मिनिटांचं गाणं ३२० मध्ये १२ एमबीच्या आसपास जाते, पण १६ जीबीत हजाराच्या वर गाणी बसतात. तेवढी कोणाला पाहिजे?

'पहला पहला प्यार' मागितलं तरी तसंच. 'सीआयडी'चं (१९५६) ओ. पी. नय्यरच्या ठेक्यावरचं आणि 'हम आपके हैं कौन'चं (१९९४) बालसुब्रमण्यम यांनी गायलेलं, दोन्ही त्याच्याकडे आहेत. दुसऱ्याचे संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं फाईलीच्या नावात 'नागपूर'ही टाईप केलं. फार बरं वाटलं.

मराठीत मात्र अजून काम बाकी आहे. 'याड लागलं', 'मला वेड लागले प्रेमाचे' आणि 'वेड तुझा' एकाच फोल्डरमध्ये, वर त्यांचे डीजे रिमिक्सही तिथंच. 'सैराट'मधला तो मोठा वाद्यमेळ ऐकायला बसावं आणि मधेच वरातीचा ठोका सुरू व्हावा, हे बरोबर नाही. रिमिक्सचं फोल्डर वेगळं पाहिजे. आणि नावं इंग्रजी अक्षरांत असतात. माझ्या सासूबाईंना मराठी वाचता येते, इंग्रजी नाही, त्यामुळे हवं ते गाणं त्यांना दुसऱ्याकडून लावून घ्यावं लागते. मराठीत नावं टाकली तर त्यांच्यासारख्या किती जणींची सोय होईल!

भरून द्यायचे शंभर रुपये, पेनड्राईव्ह आपला न्यायचा. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, तेव्हा मोबाईलवाल्यांची गर्दी असते आणि त्याला विचारायला वेळ राहत नाही. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत दुपारी दुकान रिकामं असते. यादी कागदावर लिहून न्या, पण सिनेमाचं नाव नाही आठवलं तरी चालते, दोन ओळी गुणगुणल्या की तो ओळखतो.

पाचपैकी साडेचार.