प्लायखालची अँब्युलन्स

माझ्या सासूबाईंना नर्मदेची परिक्रमा करायची आहे. वय ८१, दोन्ही गुडघे गेलेले, रात्रीतून तीनदा उठावं लागतं. पायी परिक्रमेचा विषय कधीच मिटला. गाडीने करायची म्हटली तरी ओंकारेश्वरहून निघून, समुद्राकडे आणि अमरकंटकाकडे जाऊन पुन्हा ओंकारेश्वरी यायला दोन-तीन आठवडे लागतात. मुक्काम आश्रमात किंवा धर्मशाळेत. तिथला संडास अंगणाच्या पलीकडे, चार पायऱ्या उतरून, खाली बसायचा. आईंना ते जमणारच नाही. म्हणून ह्यांच्या मनात आलं की निवृत्तीच्या पैशांतून एक जुनं मोटरहोमच घ्यावं. झोपायची सोय, कमोड आणि चहापुरती शेगडी असली की झालं.

इथेच पहिली चूक झाली. आम्हाला काय हवं ते आम्हाला नीट ठाऊक होतं, पण ते आम्ही कागदावर उतरवलं नव्हतं.

इंदूरला देवास नाक्याच्या बाजूला एकाच्या शेडमध्ये अशा तीन गाड्या उभ्या होत्या. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. माणूस बोलायला अतिशय गोड. "भिया, आप तो बस चाबी लगाओ और निकल पड़ो." आईंना हात धरून त्याने स्वतः गाडीत चढवलं, माताजी माताजी करत पाणी दिलं. गाडी म्हणजे फोर्सची ट्रॅव्हलर. ती पिथमपूरला बनते, इथून तासाभराच्या वाटेवर, त्यामुळे स्पेअर पार्ट आणि मिस्त्री दोन्ही गल्लोगल्ली मिळतात. ह्यांना त्याचाच मोठा आधार वाटला. आत मऊ सोफा, भिंतीवर ४३ इंची टीव्ही, निळे दिवे, वर दोन बंक, मागे दीड टनाचा एसी. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि आत हुडहुडी भरेल असा गारवा. "पूरा बैटरी पे चल रहा है, सर. ऊपर सोलर लगा है."

गाडीच्या मागच्या चाकापासून एक काळी जाड वायर मातीतून शेडच्या भिंतीकडे गेली होती. ती मी पाहिली होती. त्या वेळी तिचा अर्थ कळला नाही.

मागितले साडेअकरा लाख, ठरले ९ लाख ४० हजार. त्यातले ६ लाख बँकेतून आणि उरलेले ३ लाख ४० हजार रोख, कारण "इंटीरियर का बिल अलग होता है". त्या रोखीची पावती मिळाली नाही. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार झाला, त्यात एक ओळ होती, "गाड़ी जैसी है, जहाँ है". गाडीचा नंबर दुसऱ्या राज्यातला. आरसी म्हणून लॅमिनेट केलेली प्रत हातात दिली, तीवर वाहनाचा प्रकार कॅम्पर व्हॅन, खासगी वापर. मूळ आरसी एनओसीसाठी तिकडच्या आरटीओत लावली आहे, महिन्याभरात एमपी ०९ नंबर मिळेल, असं सांगितलं. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून दिले. सह्या पाहून आम्हाला वाटलं, झालंच काम.

पहिल्या प्रवासाला महेश्वरला गेलो. नव्वदेक किलोमीटर, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचायचं. मानपूरच्या घाटात उतरताना ब्रेकचा जळका वास यायला लागला. आई आडव्या सोफ्यावर बसल्या होत्या. त्या सोफ्याला बेल्ट नाही, धरायला कडी नाही. प्रत्येक वळणाला त्या पुढे घसरत होत्या आणि मी एका हाताने त्यांना आणि दुसऱ्या हाताने टेबल धरून बसले होते. महेश्वरला घाटाकडच्या गल्लीत गाडी शिरेना. मुक्काम पडला गावाबाहेर, पेट्रोलपंपाच्या मागे. ज्या नर्मदेसाठी एवढा खटाटोप, ती आईंना रिक्षा करून दाखवावी लागली. रात्री एसी लावला, तो पाऊण तासात बंद पडला, आणि त्यापाठोपाठ दिवे, पंखा, पाण्याचा पंपही. अंधारात मोबाइलच्या उजेडात मी आईंना कमोडपर्यंत नेलं.

तो हिशोब आमच्या भाच्याने नंतर वहीवर मांडून दाखवला. गाडीत १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या. गुणाकार केला तर ३,६०० वॅट-अवर (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट). अशी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाती लागले १,८०० फक्त. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटच्या आसपास खातो, वर इन्व्हर्टरमध्ये थोडं वाया जातं. नव्या बॅटऱ्यांवरसुद्धा तो जेमतेम तासभरच चालला असता. छतावरच्या दोन पॅनलमधून कडक उन्हात दिवसभरात मिळणार अडीच-तीन युनिट. शेडमध्ये गारवा होता तो त्या काळ्या वायरीतून आलेल्या विजेचा.

मला गणित येतं, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. पण शेडमध्ये उभं राहून मी हा गुणाकार केला नाही. तुम्ही गाडी पाहायला जाल तेव्हा आधी बाहेरची वायर काढायला लावा आणि एसी लावून तिथेच दोन तास बसा. विकणारा कां-कूं करायला लागला की उठा.

जानेवारीत मावठा झाला. एक रात्र पाऊस आणि मागच्या खिडकीखालचं प्लाय पापडासारखं फुगलं. सुतार बोलावला. त्याने पहिला थर काढला, खाली दुसरा थर. तो पटाशीने उचकटला आणि थांबून म्हणाला, "बाई, हे बघा." पांढऱ्या पत्र्यावर लाल पट्टा होता. वर छताला दोन आकडे, सलाइनची बाटली टांगायचे. बाजूला ऑक्सिजनच्या नळीचं तोंड, त्यात कापसाचा बोळा कोंबलेला. मी बाहेर येऊन बॉनेटकडे तिरक्या उन्हात पाहिलं, तर क्रीम रंगाखाली उलटी अक्षरं पुसट दिसत होती, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटी वाचता यावीत म्हणून लिहितात तशी. तीन महिने आमच्या दारात ती गाडी उभी होती आणि मी रोज सकाळी तिच्यासमोर सडा घालत होते.

आईंना सांगायचं की नाही, ह्यावर आमची दोघांची कुजबुज झाली. त्यांनी ऐकलीच. म्हणाल्या, "असू दे गं. कुणाचा तरी जीव वाचला असेल ह्यात." मला मात्र त्या रात्री रडू आवरलं नाही.

त्याच आठवड्यात विमा संपत होता. भाचा विम्याच्याच कामात आहे. त्याने सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला आणि दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं. वाहनाचा प्रकार अँब्युलन्स. फिटनेसची मुदत केव्हाच संपलेली. आणि आधीच्या मालकाचं बँकेचं कर्ज अजून गाडीच्या डोक्यावर. आमच्या हातातली लॅमिनेट केलेली प्रत कॉम्प्युटरवर बदलून छापलेली होती. ही दोन मिनिटं ऑक्टोबरात खर्च केली असती तर ९ लाख ४० हजार वाचले असते. नंबर तर तेव्हाही पाटीवर लिहिलेला होता. म्हणून कळकळीने सांगते, गाडी दाखवणाऱ्याच्या मोबाइलवर नाही, स्वतःच्या मोबाइलवर नंबर टाका आणि त्यात प्रकार, कर्ज, फिटनेस आणि विमा ह्या चार गोष्टी वाचा. चेसिस नंबर गाडीवर कोरलेला असतो, तो कागदाशी अंक-अंक जुळवा.

नायता मुंडल्याच्या आरटीओत गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं, त्यांचे उपकार आहेत. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे आणायची तर तिकडची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म २८. कर्ज फिटल्याशिवाय फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरल्याचा कागद, नाही आणि कर्ज असताना बँकेच्या संमतीशिवाय एनओसी मिळत नाही. हे सगळं जमलं तरी आतल्या बदलाचं काय? मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे अशा मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. गाडी बांधणाऱ्याकडे त्याची मंजुरी असेल तरच नोंदणी कॅरव्हॅन म्हणून होते. पिथमपुरात गाड्या तपासण्याचा सरकारी ट्रॅक आहे. तिथून इतक्या जवळ बांधलेली आमची गाडी मात्र कुणीही तपासलेली नव्हती.

मग ह्यांनी ती ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर नेली. रिकामी नाही, जशी प्रवासाला नेऊ तशी, टाकी भरून, सामानासकट, आम्ही तिघं आत. मर्यादेपेक्षा २८० किलो जास्त भरली. पुढची चाकं खाली घेऊन फक्त मागची चाकं काट्यावर ठेवली तेव्हा कळलं की बहुतेक ओझं मागेच आहे. २०० लिटरची टाकी, म्हणजे २०० किलो पाणी, मागच्या चाकांच्याही पलीकडे लोंबतंय. शिवाय दोन बॅटऱ्या, एसी आणि दुहेरी प्लाय. मानपूरच्या घाटात ब्रेक का जळत होते ते तेव्हा समजलं. त्या घाटातून मी आईंना बेल्टशिवाय आणलं होतं, हे आठवलं की अजून छातीत धडधडतं.

आणखी एक. शेगडीखालच्या बंद कपाटात घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर होतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून अशा कपाटाला तळाशी बाहेर उघडणारी जाळी लागते. आमच्या कपाटाला वर एक शोभेची जाळी होती, खाली काही नाही. आणि त्याच्या शेजारीच इन्व्हर्टर. आई त्याच्यापासून चार फुटांवर झोपत होत्या.

वकील म्हणाले, बँकेतून गेलेले ६ लाख सिद्ध करता येतील, रोखीचं कठीण आहे. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणंच आयकर कायद्यात बसत नाही, म्हणून तो पावती देणारच नव्हता. "जैसी है, जहाँ है" लिहून घेतलं म्हणून खोटी आरसी खरी होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं तेव्हा जरा धीर आला. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीची तक्रार दिली, बनावट कागदाची वेगळी. जिल्हा ग्राहक आयोगातही गेलो. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार तिथेच चालतात, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि आमच्या रकमेला फी फक्त २०० रुपये आहे. पैसे गेले म्हणून गप्प बसलेलं कुणी हे वाचत असेल तर आधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे रीतसर माहिती मिळते.

कागद खरे असते तरी ही गाडी आमची नव्हती, हे मला आता स्पष्ट दिसतं. परिक्रमा म्हणजे रोज गाव बदलणं, खेड्यातले अरुंद रस्ते, रेल्वेच्या अंडरपासपाशी आडवा लावलेला उंचीचा लोखंडी बार. त्याला ठेंगणी, अरुंद, हलकी गाडी हवी. रात्री पंखा पुरतो. पुढे तोंड करून बेल्टची सीट हवी आणि पलंग गुडघ्याच्या उंचीचा. जे एका जागी आठ-आठ दिवस तळ ठोकतात त्यांना मोठी टाकी आणि पॅनल उपयोगी, आणि त्यांना रोज गल्लीत शिरायचं नसतं. चार मित्र मिळून रात्रभर गाडी चालवणार असतील तर त्यांना बंक हवेत. त्या शेडमध्ये आम्हाला त्या चार मित्रांची गाडी विकली गेली. आईंना तर वरचा बंक कधी हातानेही लागला नाही. पहिलं मोटरहोम घेण्याआधी तशीच एखादी गाडी चार दिवस भाड्याने घ्या, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. रात्री दोन वाजता त्यांना कमोडपर्यंत किती पावलं पडतात, कुठे धरावं लागतं, ते मोजा. आमची सतरा पावलं होती आणि मधे एक उंबरा.

गाडी अजून आमच्या दारात उभी आहे, पुरावा म्हणून हलवता येत नाही. भाचा परवा त्या बाजूला गेला होता. शेडवरची पाटी बदलली आहे, माणूस तोच, आणि आत पांढऱ्या रंगाची आणखी एक ट्रॅव्हलर रंगायला लावली आहे. ती कुणी पाहायला गेलात तर आत जाऊन सोफ्यावर बसण्याआधी शिडी मागा आणि छतावर पाहा. पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या डोक्यावर, फिरता दिवा बसवायची चार बोल्टची भोकं असतात. आमच्या गाडीवर ती एम-सीलने बुजवून वर रंग मारला होता. नखाने खरवडलं तरी निघतं.