समोर बसून की मोबाईलवर? सोलापुरात राहून उपचार निवडताना

लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल तिशी-चाळिशीत कुणाशी तरी बोलायचं ठरवलं, की आपल्या गावात पहिली धास्ती वाटते ती ओळखीच्यांची. उपचारपद्धतीचा विचार नंतर. क्लिनिकच्या बाकावर शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "इकडं कुठं गं?" कान दाखवायला आले म्हणाले, आणि नंबर यायच्या आत उठले.

म्हणून ऑनलाइन. पण दोन खोल्यांत सहा माणसं असताना बोलायचं कुठं? मी कंबर तलावाजवळ स्कूटी लावायचे, कानात इअरफोन. रडू आलं की हेल्मेट चढवायचे. शिवाय तिथं हिंदी-इंग्रजी. इंग्रजीत 'अब्यूज' पटकन बोलून मोकळं होता येतं. आमच्या घरातल्या तेलुगूत मात्र 'तसलं' याच्या पुढं शब्दच नाही, आणि अडकलेलं सगळं त्या भाषेत. मराठी, तेलुगू किंवा कन्नड समजणारं माणूस समोर बसलेलं असणं इथं खरंच उपयोगी पडतं. बोलता बोलता तुम्ही सुन्न झालात तर त्याला तुमचे हातपायही दिसतात. स्क्रीनवर फक्त चेहरा.

पद्धतींपैकी ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (आघातामुळे बसलेले विचार आणि सवयी बदलायची थेरपी) आणि ईएमडीआर (नजर हलवत आठवणींवर काम करायची थेरपी), दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडी (आघातानंतर मागं राहणारा मानसिक त्रास) असलेल्या प्रौढांसाठी केली आहे. सीबीटीत बोलणं जास्त, घरी करायला अभ्यासही. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवायची असते. तपशील सांगायची सक्ती नाही. मला 'काय झालं ते सांगा' याचीच भीती होती, त्यामुळे दुसरी बरी वाटली. मात्र आधी मन स्थिर करायची तयारी न करता पहिल्याच दिवशी आठवणी उकरणारा कुणी असेल तर सरळ उठून या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी विचारा, आणि 'मी मध्येच गोठले तर काय कराल?' हेही. उत्तरावरून माणूस कळतो.

झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारी ओपीडीत औषधं स्वस्तात मिळतात, निवांत बोलणं त्या गर्दीत अवघड. रात्री-अपरात्री १४४१६, टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीतही बोलतात. पण तो आधार त्या वेळेपुरता.

मी सुरुवातीचे सहा सेशन ऑनलाइन केले, मग समोरासमोर. वेळ मागून घेतली शनिवारची, शेवटची. तेव्हा बाक रिकामा असतो.