एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट: सात महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉप २०१७ चा. सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि मधल्या काळात जुनी हार्ड डिस्क काढून बसवलेली ४८० जीबीची एसएसडी. ठाण्यात चरईतल्या घरातून मी अनुवादाचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे सात-आठ तास हे यंत्र चालू असतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद झाली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचं घोडं एका पिढीने अडलं. स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर उत्तर एकच, नवीन घ्या. धडधाकट चालणारी वस्तू भंगारात काढायला माझं मन तयार होईना.

भाऊबीजेला भाऊ आला, त्याच्याबरोबर भाची. ती कोपरखैरण्याला राहते, इंजिनीअरिंगला आहे. म्हणाली, "आत्या, विंडोज काढू नकोस. त्याच्या शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू, तुला हवं ते सुरू कर." नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ती सकाळच्या ट्रान्स हार्बर लोकलने आली आणि संध्याकाळी परत गेली तेव्हा लॅपटॉपवर दोन्ही नांदत होती.

त्या दिवसातला खरा वेळ गेला तयारीत. मिंट बसायला अर्धा तासही लागला नाही. तयारीला मात्र चार तास लागले, आणि आज वाटतं की ते चार तास दिले म्हणूनच पुढचे सात महिने सुरळीत गेले. आधी माझ्या सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या आणि त्यातल्या दहा-बारा नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्या. कॉपी झाली म्हणजे उघडते असं धरून चालू नये, हे भाचीनेच सांगितलं. मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते तपासलं. माझ्याकडे बंद होतं, पण नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा मालकाला न कळता चालू असतं. तसं असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवल्याशिवाय डिस्कला हात लावू नका. बूटमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होण्याच्या पद्धतीत, बदल झाला की विंडोज ती की मागू शकतं, आणि की नसेल तर फाइली कुलुपातच राहतात.

नंतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आखडायला घेतला. अडीचशे जीबी रिकामे असूनही तो फक्त ४१ जीबी सोडायला तयार होता. कारण ड्राइव्हच्या शेवटाकडे हायबरनेशनची (यंत्र झोपवायच्या सोयीची) फाइल, पेजफाइल असल्या जागच्या न हलणाऱ्या गोष्टी बसलेल्या असतात. हायबरनेशन बंद करून यंत्र रीस्टार्ट केलं, तेव्हा हवी तेवढी जागा मिळाली. हायबरनेशन बंद केलं की विंडोजचा फास्ट स्टार्टअपही बंद होतो, आणि तो बंद असणं फार गरजेचं आहे. तो चालू असताना विंडोज शटडाउन केलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेलं असतं. अशा वेळी लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह उघडला तर फाइली फक्त वाचता येतात, त्यात काही लिहिता येत नाही.

बसवलं ते मिंट २२.२, सिनॅमन डेस्कटॉपचं. ते उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून पाहता येतं, डिस्कवर काहीही न लिहिता. आम्ही तासभर तसंच वापरलं: वायफाय लागतं का, आवाज येतो का, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का. सगळं झालं, मग इन्स्टॉलचं बटण दाबलं.

आता माझ्या कामाचं. मराठी टायपिंगची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, आणि सगळ्यात सोपं तेच निघालं. मी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट म्हणून मराठी इन्स्क्रिप्ट जोडला की झालं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. 'दऱ्या', 'वाऱ्या'मधला ऱ्य विंडोजवर टाइप करायचे तसाच: शिफ्ट धरून जे, मग हलन्त, मग य. लिबरऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट आठवणीने करावी लागते. कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा मराठी निवडायची. नाहीतर तो मजकूर हिंदी समजला जातो, आणि फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असले तरी ते दिसत नाहीत. मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला हे दोन दिवसही सहन होणार नाही.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. सुरू व्हायला, ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवून काम करायला, मिंट या यंत्रावर विंडोजपेक्षा हलकं वाटतं. पंखा कमी फिरतो. एवढं मला पुरेसं आहे.

पहिला मोठा घोळ झाला घड्याळाचा, आणि तो मी सविस्तर लिहिते, कारण भारतात ड्युअल बूट करणाऱ्या, म्हणजे एकाच यंत्रावर दोन सिस्टीम ठेवणाऱ्या, बऱ्याच जणांना तो भेटतो. यंत्राच्या आतलं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ म्हणून वाचतं, तर लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवतं. फरक आपला साडेपाच तासांचा. मिंट वापरून विंडोजमध्ये गेले की दुपारचे दोन असताना तिथे सकाळचे साडेआठ दिसायचे. मी पहिले काही दिवस तिकडे दुर्लक्ष केलं, आणि ती माझी चूक झाली. एका दीर्घ लेखाचा अनुवाद सकाळी अकराला मिंटमध्ये जतन केला होता. दुपारी त्याची प्रत विंडोजमध्ये सुधारली, तर त्या फाइलवर साडेआठची वेळ पडली. रात्री हार्ड डिस्कवर बॅकअप घेताना मी नव्या तारखेची प्रत ठेवली, म्हणजे सकाळची. दुपारचे तीन तास गेले. दुसऱ्या दिवशी ते काम पुन्हा केलं, पण पहिल्यांदा सुचलेली दोन-तीन वाक्यं मला परत सापडली नाहीत, त्याचं वाईट अजून वाटतं. उपाय एका ओळीचा आहे: मिंटच्या टर्मिनलमधून (हुकूम टाइप करायच्या खिडकीतून) आतलं घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगायचं. तसं करताना लिनक्स इशारा देतं, पण त्याचा मुख्य रोख उन्हाळी-हिवाळी वेळ बदलणाऱ्या देशांकडे आहे. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच असतं. बसवल्याच्या दिवशीच हे करून टाका.

दुसरी चूक जागेची. मिंट स्वतः १०० जीबीची शिफारस करतं. मला वाटलं, बघू तर खरं, ६० पुरतील. फेब्रुवारीत भरली. टाइमशिफ्ट नावाची सोय सिस्टीमच्या जुन्या स्थितीच्या प्रती ठेवते, त्या आणि फ्लॅटपॅक नावाच्या पद्धतीने घेतलेली अ‍ॅप्लिकेशन जागा खात होती. सिस्टीमची जागा मागाहून वाढवायची तर सगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो अख्खा भाग, सरकवावं लागतं. त्यात तासन्‌तास जातात आणि मध्येच वीज गेली तर सगळंच गमावण्याची भीती. ते मी टाळलं. टाइमशिफ्टच्या दोनच प्रती ठेवल्या, आणि सी ड्राइव्हमधून आणखी १२० जीबी काढून 'काम' नावाचं वेगळं एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीचं) पार्टिशन केलं. दोन्ही सिस्टीमना ते दिसतं. आता प्रत्येक अनुवादाची एकच प्रत असते आणि ती तिथेच असते. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर वरचा घोळही झाला नसता.

घरातल्या माणसांचा विचारही करायला हवा. नवरा आठवड्यातून एकदा आमच्या सोसायटीचे हिशेब याच लॅपटॉपवर विंडोजमधल्या टॅलीत लिहितो. सुरू करताना जो काळा मेनू येतो त्यात दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर मिंटच उघडतं. तो चहा आणायला गेला की परत येऊन सगळं पहिल्यापासून. ग्रबच्या, म्हणजे हा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये दोन ओळी बदलल्यावर शेवटी वापरलेली सिस्टीमच पुन्हा उघडते. तेव्हापासून त्याची कुरकुर थांबली.

विंडोज मला अजून दोन कामांसाठी लागतं. एका प्रकाशकाच्या जुन्या फाइली पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये, युनिकोडपूर्व काळातल्या श्रीलिपी फाँटमध्ये आहेत. त्या मिंटमध्ये उघडण्याचा प्रयत्न मी सोडून दिला. आणि आमचा जुना लेझर प्रिंटर मिंटवर चालला नाही. दोन रविवार घालवले. शेवटी पीडीएफ 'काम'मध्ये ठेवते आणि छपाई विंडोजमधून करते. महिन्यातून तीन-चार वेळा तिकडे जाणं होतं.

मिंटचा पेनड्राइव्ह मी पुसलेला नाही, टेबलाच्या खणात ठेवला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभर बऱ्याच ड्युअल बूट यंत्रांवर लिनक्स सुरू होत नव्हतं. तसं काही झालं तर निदान त्यावरून यंत्र सुरू करून फाइली बाहेर काढता येतील.

विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची जी सोय आहे ती मी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेतली आहे. त्यानंतर विंडोजचं वायफाय कायमचं बंद ठेवायचं, पेजमेकर आणि प्रिंटर तिथेच राहू द्यायचे, असं ठरवलं आहे. टॅलीचं काय करायचं ते नवऱ्याशी बोलून दिवाळीच्या आत ठरवू. भाची यंदाही भाऊबीजेला येणारच आहे.